ऑक्टोबरातच एक वार ठरवा

जर्मनीत मास्टर्स करायला निघालेल्या मराठी मुलामुलींची तयारी आता पक्की असते. ब्लॉक्ड अकाउंट, आरोग्यविमा, व्हिसा, प्रेशर कुकर, गोडा मसाला, सगळ्याची यादी आदल्या वर्षी गेलेलं कुणीतरी पाठवतं. 2022-23 च्या हिवाळी सत्रापासून जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे. त्यामुळे आखन, ड्रेस्डेन, माग्डेबुर्ग, श्टुटगार्ट, कुठेही उतरा, सिमकार्ड कुठलं घ्यायचं हे सांगणारा ओळखीचा भेटतोच. संध्याकाळी सहानंतर कुणाशी बोलायचं, हे मात्र त्या यादीत नसतं. हा लेख तेवढ्यापुरताच आहे.

पहिले पाच-सहा आठवडे हा प्रश्न पडत नाही. पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, मग बँक, विमा, निवास परवान्याची अपॉइंटमेंट, यातच दिवस संपतो. ऑक्टोबरच्या मध्यावर वर्ग सुरू होतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि पाचच्या सुमारास काळोख पडायला लागतो. डिसेंबरात तर बर्लिनला चारच्या आतच सूर्य मावळतो. कागदपत्रांची धावपळ थांबलेली, बाहेर अंधार, आणि वर्गातल्या इतरांचे आठवडे एव्हाना ठरून गेलेले. एकटेपणा नेमका याच सुमाराला गाठतो. तेव्हा हातपाय हलवायला गेलं तर उशीर झालेला असतो, म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की ऑक्टोबरातच आठवड्यातला एक वार ठरवा. त्या दिवशी, त्याच वेळी, त्याच माणसांत जायचं, आणि सत्र संपेपर्यंत शक्यतो चुकवायचं नाही.

यामागचं कारण समजून घ्या. आपल्याकडे ‘इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावावं’ असं म्हणत कुणाच्याही दारात उभं राहता येतं. जर्मनीत भेटी ठरवून होतात. साधी कॉफी प्यायची तरी समोरचा मोबाइलमधलं कॅलेंडर उघडतो आणि पुढच्या आठवड्यानंतरचा गुरुवार सुचवतो. नव्या मुलाला वाटतं, याला मला टाळायचं आहे. तसं नसतं. त्यानं तो गुरुवार लिहून ठेवलेला असतो आणि त्या दिवशी तो वेळेवर हजर असतो. अशा समाजात अवचित भेटीतून मैत्री जुळण्याची वाट पाहिली, तर वर्ष निघून जातं. दर मंगळवारी सातला एकाच हॉलमध्ये येणाऱ्यांची मात्र हळूहळू ओळख होते. सुरुवातीचे काही आठवडे नुसतं ‘हालो’ आणि निघताना ‘च्युस’. मग एखाद्या मंगळवारी तुम्ही गेला नाहीत, तर पुढच्या वेळी कुणीतरी विचारतं, ‘मागच्या वेळी दिसला नाहीस?’ इथून बोलणं सुरू होतं. पहिल्या दोन-तीन वेळांत कुणी फारसं बोललं नाही म्हणून सोडून देणारे पुष्कळ आहेत. ते फार लवकर सोडतात.

हा वार शोधायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे विद्यापीठाचा क्रीडाविभाग, होखशूलश्पोर्ट. बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, भिंतीवरची चढाई, साल्सा, योग, असे कित्येक वर्ग तिथे अगदी कमी शुल्कात चालतात. नोंदणी ऑनलाइन असते आणि सत्राच्या सुरुवातीला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मिनिटाला उघडते. लोकप्रिय वर्ग काही मिनिटांत भरतात. म्हणून विद्यापीठात पोचल्यावर ती तारीख आधी शोधा, आदल्या दिवशी खातं तयार ठेवा, आणि पहिला पर्याय गेला तर दुसरा कोणता हेही ठरवून ठेवा. ज्यांना ऑक्टोबर साधला नाही त्यांच्यासाठी एप्रिलमध्ये, उन्हाळी सत्राच्या तोंडावर, ही नोंदणी पुन्हा उघडते. खेळ निवडताना एकट्यानं करायचा व्यायाम टाळा. जिममध्ये कानात गाणी घालून धावणारी शंभर माणसं असतात आणि त्यातलं एकही तुमच्या ओळखीचं होत नाही. जिथे जोडीदार लागतो, चेंडू दुसऱ्याकडे द्यावा लागतो, असं काहीतरी घ्या. खेळाचा गंध नसेल तर विद्यापीठाचा गायकवृंद बघा. अनेक ठिकाणी प्रवेशाला फारशा अटी नसतात, आणि जर्मन उच्चार सुधारायला सामूहिक गाण्यासारखा दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

विद्यापीठाबाहेर आहेत ‘फेराइन’, म्हणजे नोंदणीकृत मंडळं. देशभरात अशी 6 लाखांहून अधिक आहेत. गिर्यारोहणाची, बुद्धिबळाची, बागकामाची, बिघडलेल्या वस्तू एकत्र बसून दुरुस्त करणाऱ्यांची. क्रिकेट खेळणाऱ्यांनी तर बॅट सोबत न्यायलाच हरकत नाही. 2015 नंतर अफगाणिस्तानातून आलेल्या निर्वासितांमुळे जर्मनीत क्रिकेट झपाट्यानं वाढलं. आज अनेक शहरांच्या संघांत अफगाण, पाकिस्तानी, श्रीलंकन आणि भारतीय एकत्र खेळतात. पेशावरच्या मुलाबरोबर सलामीला जाण्याची संधी पुण्यात कुठे मिळणार? फेराइनचं सदस्य झालात की वर्गणी भरण्याइतकंच हातभार लावणंही अपेक्षित असतं. स्पर्धेच्या दिवशी टेबलं मांडणं, केक विकायला उभं राहणं. ही कामं आपणहून मागून घ्या. टेबलं मांडताना जितकं बोलणं होतं तितकं खेळताना होत नाही.

सत्राच्या आधी विभागातले वरच्या वर्गातले विद्यार्थी नवागतांसाठी ओळखीचा आठवडा भरवतात. शहरातली भटकंती, एकत्र न्याहारी, खेळांची संध्याकाळ. व्हिसा उशिरा आल्यानं कित्येकांचा तो हुकतो. हुकला तर विभागाच्या विद्यार्थी प्रतिनिधींच्या खोलीत, फाखशाफ्टमध्ये, जाऊन नाव सांगा. तिथे बहुधा कॉफीचं यंत्र असतं, जुन्या प्रश्नपत्रिका असतात, आणि बोलायला तयार असणारी माणसं असतात.

आता स्वयंपाकघर. वसतिगृहात राहा किंवा ‘वेगे’त, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून भाड्यानं घेतलेल्या घरात, खरा सहवास स्वयंपाकघरात घडतो. ताट घेऊन खोलीत जाऊन लॅपटॉपसमोर जेवायची सवय पहिल्या आठवड्यात लागली की ती सुटत नाही. तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसूनच जेवा, एकटे असलात तरी. कुणीतरी पाणी तापवायला येतं, हे काय आहे म्हणून विचारतं. आमटी-भात, बटाट्याची भाजी, थालीपीठ यांत दूध-तूप नसलं तर ते पूर्ण वनस्पतिजन्य जेवण होतं, आणि जर्मन विद्यार्थ्यांत आता असं खाणारे खूप आहेत. तुमच्या रोजच्या जेवणाबद्दल त्यांना खरंच कुतूहल असतं. वाढताना त्यात काय आहे ते आधी सांगा. शेंगदाणे, काजू, गहू, दूध यांची अ‍ॅलर्जी असणारे भेटतात, आणि आपल्याला सौम्य वाटणारं तिखट दुसऱ्याला सौम्य नसतं.

या घरांत भांडणं होतात ती ठरावीक कारणांवरून. फ्रिजजवळ सफाईचा तक्ता लावलेला असतो, त्यात तुमचा आठवडा आला की ओटा, शेगडी, न्हाणीघर चकचकीत झालंच पाहिजे. परीक्षा आहे हे कारण चालत नाही, अदलाबदल मात्र आधी विचारून करता येते. कचऱ्याचे डबे वेगळे असतात. कागद निराळा, ओला कचरा निराळा, प्लास्टिकची वेष्टनं निराळी, उरलेलं निराळं, आणि काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत रंगाप्रमाणे टाकायच्या, त्याही रविवारी नाही. न्हाणीघराच्या जमिनीला अनेकदा पाणी वाहून जायला जाळीच नसते. आपल्या सवयीनं बादलीभर पाणी ओतून फरशी धुतली, तर खालच्या मजल्यावरच्या छताला ओल येते. फोडणी घालताना स्वयंपाकघराचं दार लावा आणि खिडकी सताड उघडा, नाहीतर वास व्हरांड्यात टांगलेल्या कोटांत शिरतो. यात ओशाळण्यासारखं काही नाही, खिडकी उघडली की प्रश्न मिटतो. रात्री 10 ते सकाळी 6 आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते. ड्रिलिंग मशीन किंवा व्हॅक्यूम क्लीनर रविवारी बाहेर काढू नका. मुंबईचं भगिनी शहर असलेल्या श्टुटगार्टच्या परिसरात जिना झाडण्याचीही आठवड्यांची पाळी असते, आणि शेजारच्या आजी तिच्याकडे लक्ष ठेवून असतात.

सोबत राहणारा तुम्हाला सरळ तोंडावर सांगेल, ‘काल तू शेगडी पुसली नाहीस.’ आपल्याला हे लागतं. आपल्याकडे असं वाक्य कानावर येतं तेव्हा त्याआधी बराच राग साठलेला असतो. तिथे त्या वाक्यामागे बहुतेक वेळा शेगडीखेरीज काही नसतं. ‘सॉरी, आत्ता पुसतो’ म्हटलं की विषय संपतो आणि तोच मुलगा पाच मिनिटांनी तुम्हाला चहा विचारतो. मनात धरून खोलीत बसू नका. तुम्हाला काही खुपत असेल, रात्री उशिरापर्यंत वाजणारी गाणी, परवानगीशिवाय वापरलेली कढई, तर तेही तितक्याच साधेपणानं सांगा. न सांगता समोरच्यानं ओळखावं ही अपेक्षा तिथे कुणी करत नाही.

इमारतीतल्या शेजाऱ्यांशी ओळख व्हायला एक हमखास निमित्त आहे, ते म्हणजे पार्सल. तुम्ही घरी नसलात तर कुरिअरवाला ते शेजाऱ्याकडे ठेवतो आणि कुणाकडे ठेवलं त्याची चिठ्ठी पेटीत टाकतो. ते घ्यायला जाताना घाई करू नका, नाव सांगा, कुठून आलात ते सांगा. दुसऱ्याचं पार्सल स्वतःकडे ठेवून घ्यायलाही तयार राहा. त्यासाठी घंटीवर आणि टपालपेटीवर तुमचं नाव हवं, नाहीतर तुमची पत्रंच परत जातील. जिन्यात भेटेल त्याला नमस्कार करायचा. उत्तरेत ‘मॉइन’, दक्षिणेत ‘ग्र्यूस गॉट’ किंवा ‘सेर्वुस’, आणि कुठेही ‘हालो’. डॉक्टरच्या प्रतीक्षागृहात शिरतानाही बसलेल्यांना ‘गुटेन टाग’ म्हणतात. विद्यार्थी एकमेकांना पहिल्या भेटीपासून ‘डू’ म्हणतात. प्राध्यापक, कार्यालयातली माणसं, वयस्कर शेजारी यांना ‘झी’. त्यांनी आपणहून ‘डू’ म्हणा सांगितलं तरच बदलायचं.

आपल्या अंगात सगळ्यात खोल मुरलेला असतो तो आग्रह. ‘चहा घेणार?’ या प्रश्नाला पहिलं उत्तर ‘नको नको’ असतं आणि यजमान पुन्हा विचारणार हे दोघांना माहीत असतं. जर्मन यजमान एकदाच विचारतो. तुम्ही नको म्हटलंत की तो स्वतःपुरता कप घेऊन समोर येऊन बसतो, आणि त्यात कोरडेपणा नसतो, तुमच्या शब्दाला दिलेला मान असतो. हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा. तसंच तुमच्याकडे आलेल्या पाहुण्यानं ‘पुरे’ म्हटलं की वाटी खाली ठेवा. त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढला, तर तो गोंधळतो आणि जड पोटानं ते संपवतो, कारण ताटात टाकणं त्याला वाईट वाटतं.

कुणी जेवायला बोलावलं तर दोन गोष्टी लगेच करा. येतोय की नाही हे स्पष्ट कळवा आणि ‘काय आणू?’ असं विचारा. सॅलड, ब्रेड, शीतपेय, काहीतरी वाट्याला येतंच. शाकाहारी असाल तर हो म्हणतानाच सांगा, आणि अंडं चालतं का, मासे चालतात का हेही उलगडून सांगा. जेवणाला सातची वेळ म्हणजे सात. दहा मिनिटांपेक्षा उशीर होत असेल तर निरोप द्या. बागेत ग्रिल असेल तर आपलं भाजायचं आपण न्यायचं. पनीर किंवा ग्रिलचं चीज, मक्याची कणसं, आणि सॉसेजचा स्पर्श नको असेल तर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. दारू न पिणाऱ्याला ‘मी पीत नाही’ एवढं पुरतं. सफरचंदाचा रस आणि सोडा मिसळलेलं आप्फेलशोर्ले हातात घेऊन संध्याकाळ छान जाते. पेले भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, एवढा एक संकेत पाळा. हॉटेलात वेटर विचारतो, एकत्र की वेगळं? वेगळं म्हणण्यात संकोच नाही. महिन्याचा हिशेब घट्ट असेल तर ‘आज बाहेर नको, माझ्याकडे शिजवू’ हे मोकळेपणानं सांगता येतं, तिथल्या विद्यार्थ्यांचंही तेच चाललेलं असतं. वाढदिवसाला केक ज्याचा वाढदिवस त्यानंच न्यायचा, आणि शुभेच्छा एक दिवसही आधी द्यायच्या नाहीत, ते अशुभ मानतात.

भाषेबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा, की अभ्यासक्रम इंग्रजीत आहे म्हणजे जर्मन लागणार नाही. वर्गात नाही लागत. पण टेबलाशी पाच जर्मन आणि तुम्ही असलात, तर दहा मिनिटं तुमच्यासाठी इंग्रजी चालतं आणि मग हसण्याच्या ओघात ते नकळत आपल्या भाषेत जातात. त्यांचा दोष नाही. पुण्या-मुंबईच्या माक्स म्युलर भवनात निघण्यापूर्वी जेवढं शिकता येईल तेवढं शिका, आणि पोचल्यावर विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात लगेच पुढच्या पातळीला नाव घाला. अडखळत बोललात की समोरचा मदत म्हणून इंग्रजी सुरू करतो. तेव्हा ‘इश म्योख्ते डॉइच यूबेन’, मला जर्मनचा सराव करायचा आहे, असं सांगा, तो आनंदानं थांबतो. ‘टँडेम’ नावाची पद्धत फार उपयोगी आहे. अर्धा तास त्याची भाषा, अर्धा तास तुमची. तुमची म्हणजे इंग्रजी किंवा हिंदी, आणि क्वचित मराठी शिकू पाहणारं कुणी भेटलं तर तो आनंद वेगळाच.

आपली माणसं हवीतच. आजारपणात खिचडी करून देणारी, कार्यालयातलं पत्र वाचून दाखवणारी बहुतेक वेळा तीच असतात. म्युनिक, फ्रँकफर्टसारख्या शहरांत मराठी मंडळी गणपती बसवतात, तिथे जरूर जा. फक्त पहिल्याच वर्षी चारही भारतीयांनी मिळून घर घेऊ नका, असं मी मनापासून सांगेन. दुसरा पर्याय नसेल तर गोष्ट निराळी. पण असं घर घेतलं की संध्याकाळी बाहेर जायची गरजच उरत नाही, आणि दोन वर्षांनी हातात पदवी असते पण नोकरीच्या मुलाखतीत सलग चार वाक्यं जर्मन बोलता येत नाही. आणि दोघं मराठीत बोलत असताना तिसरा कुणी स्वयंपाकघरात आला, तर भाषा बदला.

घरी फोन करण्याच्या वेळेचाही या सगळ्याशी संबंध आहे. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. आईबाबा जेवण उरकून साडेनऊ-दहाला फोन घेऊन बसतात, तेव्हा तिथे संध्याकाळचे पाच ते साडेसहा वाजलेले असतात. नेमकं तेव्हाच लोक स्वयंपाकघरात जमायला लागतात, खेळाच्या वर्गाला निघतात. रोज तासभर व्हिडिओ कॉल चालला तर तुमची संध्याकाळ सांगली-नाशिकातच जाते. रोज सकाळी एक छोटा निरोप आणि रविवारी दुकानं बंद असताना सकाळी निवांत फोन, असं आईबाबांशी बोलून ठरवा. त्यांना आधी वाईट वाटेल. मात्र त्या संध्याकाळी तुम्ही कुठे जाता, कुणाला भेटता, हे रविवारी ऐकताना त्यांचीही काळजी कमी होते.

नाताळची तयारी नोव्हेंबरातच करा. 24 डिसेंबरच्या दुपारनंतर दुकानं मिटतात, 25 आणि 26 ला सुट्टी, जर्मन विद्यार्थी आपापल्या घरी गेलेले, वसतिगृहाचे मजले रिकामे. वर्षातले सगळ्यात एकाकी दिवस हेच. मजल्यावर कोण कोण थांबणार आहे ते नोव्हेंबरच्या शेवटी विचारून घ्या आणि एका संध्याकाळचा स्वयंपाक ठरवा. कुणी घरी बोलावलं तर संकोच न करता जा, छोटी भेट आणि घरचा चिवडा न्या. विद्यापीठांच्या गावांत प्रोटेस्टंट आणि कॅथलिक विद्यार्थी केंद्रं असतात. त्यांचे कार्यक्रम सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना खुले असतात, आणि अनेक ठिकाणी अडचणीत सापडलेल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी त्यांच्याकडे आपत्कालीन निधीही असतो.

खोली शोधताना किंवा रस्त्यात रंगावरून, नावावरून कुणी अपमान केला, तर तो मुकाट्यानं गिळू नका. 2006 पासून केंद्र सरकारचं भेदभावविरोधी कार्यालय आहे, विद्यापीठांतही यासाठी नेमलेली माणसं असतात. धोका वाटला तर पोलिसांसाठी 110. आणि झोप उडाली, भूक गेली, आठवडाभर खोलीबाहेर पडावंसं वाटलं नाही, तर श्टुडिरेंडेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थी सेवा संस्थेच्या, समुपदेशन केंद्रात जा. तिथलं समुपदेशन गोपनीय असतं, बहुतेक ठिकाणी विनामूल्य, आणि अनेक ठिकाणी इंग्रजीतही मिळतं. रात्री-अपरात्री 0800 1110111 या क्रमांकावर कुणीतरी फोन उचलतं. समुपदेशनाच्या पहिल्या भेटीसाठी काही आठवडे थांबावं लागू शकतं, म्हणून अगदी असह्य होण्याची वाट न पाहता नाव नोंदवून ठेवा.